मुलांची भूक आणि शाळेचे घड्याळ

(नळदुर्ग येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवसातून किती वेळा खावे, आणि भूक लागली म्हणून खावे की वेळ झाली म्हणून खावे, हा प्रश्न गेली काही वर्षे महाराष्ट्रात घरोघरी चर्चिला जात आहे. शाळांना भेटी देताना मधल्या सुटीत तो माझ्याही कानी पडतो. आजच्या भाषणासाठी हा विषय मुद्दाम घेण्याचे कारण असे की, ह्या चर्चेत ज्यांचे शरीर अजून घडावयाचे आहे त्या मुलांचा विचार क्वचितच होतो. आणि ती मुले तर दिवसाचे सहा-सात तास आपल्या ताब्यात असतात.

२०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद वृत्तपत्रांतून आणि सभांतून फार रंगला, हे आपणांस आठवत असेल. आपल्या शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारांचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले की, माणसाने आपल्याला खरी, कडकडून भूक दिवसातून केव्हा लागते ते प्रथम ओळखावे; त्या दोन वेळीच जेवावे; प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवावे; मधल्या काळात खाणे टाळावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन पाझरते, वारंवार खाल्ले की ते वारंवार पाझरते, आणि त्यातून स्थूलतेला व मधुमेहाला वाट मिळते, हा त्यांचा युक्तिवाद. उलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर ह्यांचे सांगणे असे की, दीर्घकाळ पोट रिकामे ठेवू नये, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, आणि आपल्या मातीतले, आजीच्या हातचे अन्न निर्धास्तपणे खावे.

ह्या दोहोंतील निवाडा करणे माझे काम नव्हे. आपणांपैकी ज्यांना मधुमेह आहे अथवा वजनाची काळजी आहे, त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावे. परंतु एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. डॉ. दीक्षितांची पद्धती अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी नाही, असे तिच्या नियमांतच स्पष्ट म्हटले आहे. भ्रमणध्वनीवर मजकूर पुढे पाठविताना नेमके हेच वाक्य बहुधा गळून पडते. मग “सारखे सारखे काय खातोस? दोन वेळा जेवले की पुरते!” असे एखादा सुशिक्षित पालक आपल्या आठ वर्षांच्या मुलाला ऐकवितो. पोट सुटलेल्या बापाचे पथ्य हाडे वाढणाऱ्या मुलाला लावणे हा शुद्ध अन्याय होय. वडीलधाऱ्यांचा प्रश्न अधिक खाण्याचा आहे. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुलांचा प्रश्न अगदी वेगळा आहे.

तो कसा, ते हिशेबानेच पाहू.

आपल्या तालुक्यात, विशेषतः वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर, रात्रीचे जेवण आठच्या सुमारास होते. खुरपणीचे किंवा सोयाबीन काढणीचे दिवस असले म्हणजे आई पहाटे उठून भाकरी थापते, आपले फडके बांधते आणि सात-साडेसातला कामावर निघते. मूल उठते तेव्हा घरात चहा असतो. त्या चहात खारी, टोस्ट नाहीतर बिस्किटाचा पुडा बुडवून मूल शाळेत येते. भाकरी दुरडीत असते, पण ती वाढून देणारे, ‘खा’ म्हणणारे माणूस घरात नसते. आणि सात-आठ वर्षांचे मूल एकटे बसून भाकरी-आमटी वाढून घेत नाही, हे आपण सर्व जाणतो. शाळेत खिचडी मिळते ती दुपारी एकच्या सुमारास. रात्री आठ ते दुपारी एक, म्हणजे सतरा तास. त्या सतरा तासांत पोटात गेला एक कप गोड चहा आणि मैद्याचे चार तुकडे! ज्या मुलाचा दिवस असा आहे, त्याने दोन वेळा खावे की आठ वेळा, हा वाद त्याच्या दृष्टीने व्यर्थच आहे.

जुन्या वैद्यकात ह्याविषयी एक साधा संकेत सांगितला आहे. एका यामाच्या आत, म्हणजे तीन तासांच्या आत, पुन्हा जेवू नये. आणि दोन याम, म्हणजे सहा तास, उपाशी राहून ओलांडू नयेत. रात्रीची झोप अर्थात् ह्यात धरलेली नाही. तीही वजा केली तरी सकाळी सहाला उठलेल्या मुलाचे दोन याम दुपारी बाराला संपतात. चरकसंहितेत जे तेरा वेग रोखू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत शिंक, जांभई ह्यांच्याबरोबर भूक आणि तहान ह्यांचीही गणना आहे. वर्गात कोणाला शिंक आली असता ‘थांब, सुटी होऊ दे’ असे म्हणणारा गुरुजी मी अद्याप पाहिला नाही. भुकेला मात्र आपण तसे सहज म्हणतो.

आधुनिक शास्त्राचे म्हणणे ह्याहून वेगळे नाही. मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मेंदू मोठा खर्चिक. पाच वर्षांच्या सुमारास विश्रांत अवस्थेतील शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू खातो. आणि हा खर्च भागविणारा साखरेचा साठा मुलाच्या लहानशा यकृतात फार थोडा मावतो. मोठ्या माणसाची कणगी मोठी असते, मुलाची लहान. म्हणून मुलाची कणगी वरचेवर भरावी लागते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत दिले आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण धरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. म्हणजे लहान मुलाच्या गरजेचा सुमारे चौथा हिस्सा शाळेत भागतो. उरलेले तीन हिस्से घरी भागावयाचे, आणि लहान पोटात ते एका रात्रीच्या जेवणात मावत नाहीत. वाढत्या मुलाने दिवसातून चार वेळा खावे, सकाळी, दुपारी, शाळा सुटल्यावर आणि रात्री, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरा प्रश्न भुकेच्या विश्वासार्हतेचा. तो अधिक नाजूक आहे आणि शिक्षकाला अधिक उपयोगाचा आहे.

भूक म्हणजे काय, ह्याचा प्रयोगाने शोध घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न ह्यांनी केला. वॉशबर्नने रबरी फुगा गिळला, जठराच्या आकुंचनाची नोंद होईल अशी व्यवस्था केली, आणि ज्या ज्या क्षणी भुकेची कळ आली त्या त्या क्षणी खूण केली. जठर आवळते आणि कळ येते, ह्यांचा मेळ १९१२ साली त्यांनी प्रसिद्ध केला. आपल्या भाषेने ‘पोटात कावळे ओरडतात’ म्हणून जे केव्हाच सांगून ठेवले होते, त्याला यंत्राची साक्ष मिळाली. पुढे १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा ह्यांनी जठरातून पाझरणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य शोधून काढले. ते रक्तात वाढले की मेंदूला ‘खा’ असा निरोप मिळतो. ह्या द्रव्याचा एक गुण आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपण रोज ज्या वेळी जेवतो त्या वेळेच्या थोडे आधी ते वाढते. आणि त्या वेळी जेवण मिळाले नाही, तरी काही वेळाने ते आपोआप खाली येते.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, भूक ही सवयीने शिकते. ज्या घरी न्याहारीची वेळ ठरलेली आहे त्या घरच्या मुलाला त्या वेळी भूक लागते. ज्या घरी ती वेळच नाही तेथील मुलाला सकाळी भूक लागत नाही. “आमच्या पोराला सकाळी खायलाच नको असतं, गुरुजी,” असे सांगणारी आई खोटे बोलत नसते. परंतु मुलाला भूक नाही म्हणून न्याहारी नाही, की न्याहारी नाही म्हणून भूक नाही, हे तिने कधी उलटे करून पाहिलेले नसते. आठ-पंधरा दिवस ठरलेल्या वेळी दोन घास पुढे ठेवून पाहावे. बहुतेक मुलांची भूक त्या वेळी उठू लागते.

दुसरी गोष्ट अशी की, भूक येते आणि दाद न मिळाल्यास निघूनही जाते. ‘भूक मेली’ असे आपण म्हणतो तेव्हा शब्द नेमका वापरतो. गरज मरत नाही, हाक मरते. अकरा वाजता पोट धरून बसलेले मूल साडेबाराला निमूट होते, ते पोट भरल्यामुळे नव्हे.

जे एका दिवसात घडते तेच महिनोन्महिने घडले म्हणजे काय होते? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ ह्यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना ठरवावयाचे होते. ह्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ते चिडखोर, थंड आणि मंद झाले. खेळणे, हसणे, वाद घालणे त्यांनी सोडले. अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांच्या मनात टिकेना. आणि पुढे जेव्हा भरपूर अन्न मिळू लागले तेव्हा कित्येकांना पोट केव्हा भरले तेच कळेनासे झाले. तडस लागेपर्यंत खाऊनही ते आपण भुकेले आहोत असे सांगत. अर्धपोटी राहण्याने भूक सांगणारी यंत्रणा दोन्ही टोकांना बिघडते, हे त्या प्रयोगाने दाखविले.

आपल्या मराठवाड्याला हे कळण्यासाठी मिनेसोटापर्यंत जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडलेली, सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे आपल्या गावोगाव अजून आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसा आणि त्यांना त्या वेळच्या लहान मुलांविषयी विचारा. इतिहासाच्या पाठाला त्याचा उपयोग होईलच. पण आपल्या वर्गातील एखादे गप्प मूल वेगळ्या दृष्टीने पाहण्यासही होईल.

कारण वर्गात आपण ज्याला ‘शांत’ म्हणतो, ‘काही त्रास नाही’ म्हणतो, ते मूल पुष्कळदा भुकेले असते. भुकेले मूल रडते ही आपली कल्पना आहे. ती तान्ह्या बाळाच्या बाबतीत खरी आहे. सवयीने भुकेले झालेले मूल रडत नाही. ते तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकते, डोके दुखते म्हणते, जांभया देते. हातच्याची बेरीज दहाला येते आणि साडेअकराला चुकते. खेळाच्या तासाला ते झाडाखाली बसून राहते. आपण त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहितो. तो शेरा लिहिण्यापूर्वी मूल सकाळी काय खाऊन आले हे पाहणे, माझ्या मते, अध्यापनाचाच भाग आहे.

विचारावे कसे, हेही सांगतो. “जेवलास का रे?” असे भर वर्गात विचारू नये. मूल ‘हो’ म्हणते. घरची इभ्रत सात वर्षांच्या मुलालाही कळते, आणि मुलीला तर अधिकच. त्याऐवजी परिपाठानंतर, एकट्याला, सहज विचारावे: “आज येताना काय खाऊन आलास?” ह्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही. उत्तर ‘चहा’ आले तर कपाळाला आठी न घालता पुढच्या मुलाकडे वळावे. चार दिवसांत कोणाची सकाळ कशी आहे ते आपणांस न बोलता कळते.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की, मग मुलाच्या भुकेवर विश्वासच ठेवू नये काय? तसे नव्हे. ज्या मुलाला वेळच्या वेळी, पुरेसे आणि चांगले अन्न पुढे येते, त्याची भूक फार प्रामाणिक असते. १९२८ साली क्लारा डेव्हिस ह्या अमेरिकन डॉक्टर बाईंनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बालकांपुढे साध्या, सकस पदार्थांच्या वाट्या ठेवून त्यांना हवे ते, हवे तेवढे घेऊ दिले. एकेका वेळी त्यांचे खाणे चमत्कारिक दिसे. पण एकंदरीत ती नीट वाढली. पुढे १९९१ साली लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचे खाणे मोजले. एकाच मुलाचे एका वेळचे जेवण आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळचे जेवण ह्यांत मोठा फरक पडे. पण दिवसभराची बेरीज जवळजवळ तीच येई. एका वेळी कमी खाल्ले की मूल दुसऱ्या वेळी भरून काढी. मात्र डेव्हिस बाईंच्या वाट्यांत खारी-बिस्किटे नव्हती, आणि बर्च बाईंच्या मुलांना दुसरे जेवण मिळेल की नाही ही शंका नव्हती, हे विसरू नये.

म्हणून कामाची वाटणी अशी असावी: केव्हा खावयाचे आणि काय खावयाचे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे, किती खावयाचे हे मुलाने. आपल्याकडे बहुधा उलट होते. मूल केव्हाही दुकानात जाऊन पाच रुपयांचा पुडा आणते, म्हणजे केव्हा आणि काय हे ते ठरविते. आणि ताटावर बसले की ‘सगळे संपव’ म्हणून किती हे आपण ठरवितो.

शाळेतील पंगतीत ह्या वाटणीचा फार उपयोग होतो. माणशी शंभर ग्रॅम हे प्रमाण शिजविण्याचे आहे. प्रत्येक ताटात तोलून टाकण्याचे नव्हे. पहिलीतील मुलाला पाचवीतील मुलाएवढी खिचडी वाढली की ती उरते, मग ‘अन्न टाकू नये’ म्हणून आपण रागावतो, आणि मूल एकतर नको असता गिळते नाहीतर उद्या पंगतीलाच बसत नाही. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे. तो पाळण्याचा मार्ग, प्रथम थोडे वाढावे आणि वाढपी दोनदा फिरावा. दुसऱ्यांदा फिरताना ‘कोणाला हवे?’ असे विचारून पुढे जाऊ नये. मुली मागत नाहीत, नवीन आलेले मूल मागत नाही, ज्याच्या घरी खरोखर काही नाही ते तर मुळीच मागत नाही. डाव घेऊन प्रत्येकापुढे क्षणभर थांबावे. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना ह्याची चांगली जाण असते. सोमवारी पातेले लवकर रिकामे होते, असे त्यांच्यापैकी कित्येकींच्या तोंडून मी ऐकले आहे. रविवारी घरी काय शिजले असेल, ह्याचा अंदाज त्यावरून करावा.

भूक फसविते अशा आणखी काही जागा आहेत. त्यांचा ओझरता उल्लेख करतो. गोड चहा आणि तळलेले पुडे भूक भागवीत नाहीत, ती बुजवितात. शिवाय चहामुळे भाकरी-पालेभाजीतील लोह अंगी नीट लागत नाही. पोटातील जंत आणि रक्तक्षय ह्या दोहोंनीही भूक मंदावते, त्यामुळे ज्याला अन्नाची सर्वांत अधिक गरज तेच मूल ‘नको’ म्हणते. जंतनाशक गोळीचा दिवस आणि लोहाची साप्ताहिक गोळी ही कामे नोंदवही भरण्यापुरती करू नयेत. लोहाची गोळी रिकाम्या पोटी दिली की मळमळते आणि पुढच्या आठवड्यात मुले ती खिशात घालतात. ती जेवणानंतरच, आपल्यासमोर द्यावी.

उपवासांचाही विचार केला पाहिजे. तुळजापूरच्या आईचे आणि खंडोबाचे हे स्थान. नवरात्रात आणि एरवीही आपल्या मोठ्या वर्गातील मुली हौसेने उपवास धरतात. नळदुर्गात मुसलमान कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांची मुलेही रमजानमध्ये एखादा रोजा ठेवण्याचा हट्ट धरतात. ह्यावर वर्गात टीका करू नये. त्या दिवशी कवाईत आणि धावणे टाळावे, उपवास करणाऱ्या मुलीला फराळाचे खाल्लेस का ते विचारावे, आणि लहान मुलांना ह्यातून वगळण्याविषयी आईशी बोलावे. आई बहुधा आपल्याच बाजूची निघते. एका दिवसाचा, मनाने धरलेला आणि ठरल्या वेळी सुटणारा उपवास वेगळा. रोजचा, न सांगता घडणारा वेगळा. मला काळजी दुसऱ्याची आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हा तर स्वतंत्र विषयच आहे. फडावर कोयता पहाटे निघतो. त्यापूर्वी कोपीवर स्वयंपाक होतो आणि मूल अर्धवट झोपेत दोन घास खाते, नाहीतर दिवस वर आल्यावर थंड भाकरी खाते. चार-पाच महिने असे काढून ते परत येते तेव्हा त्याचे भुकेचे घड्याळ आपल्या शाळेच्या घड्याळाशी जुळत नाही. ते भलत्या वेळी भुकेले असते आणि पंगतीच्या वेळी हात आखडते. त्याला हट्टी समजू नये. दोन-तीन आठवडे त्याच्या ताटाकडे रोज नजर असावी. जेथे हंगामी वसतिगृह चालते, तेथे सकाळचे आणि रात्रीचे जेवण वेळेवर आहे की नाही हे पाहणे, हजेरी पाहण्याइतकेच अगत्याचे आहे. कारण आई-बाप दूर असलेले मूल भुकेविषयी तक्रार कोणाकडे करणार?

शाळेने सकाळी खाऊ घालावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. मद्रास शहराच्या एका शाळेत १९२० च्या सुमारास दुपारचे जेवण सुरू झाले. १९५६ पासून कामराज ह्यांनी ते राज्यभर नेले. देशपातळीवर योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, आणि कोरडे धान्य न देता शिजविलेले अन्नच द्यावे हे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी बजावले. त्याच तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही न्याहारीची शिफारस आहे. सकाळचे तास कठीण विषयांना अधिक फलदायी ठरतात, असे कारण तेथे दिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरविले, ते मुलांच्या झोपेचा विचार करून. झोपेचा विचार झाला, आता भुकेचा व्हावा अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

परंतु तोपर्यंत आपल्या हाती काही नाही असे नव्हे. पालकसभेत आईला ‘सकस न्याहारी द्या’ असे सांगून उपयोग होत नाही; तिच्याकडे सकाळी वेळ नाही, हे आपण वर पाहिले. तिला एवढेच सांगावे की, आपली भाकरी बांधताना मुलाची अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या फडक्यात बांधून त्याच्या दप्तरात घालावी. थालीपीठ, धपाटे, मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा, फुटाणे, काहीही चालेल. आणि शाळेने परिपाठानंतर दहा मिनिटे हात धुऊन ते खाण्यास द्यावीत. ज्याच्या दप्तरात काही नाही त्याला शेजारच्याने द्यावे, हे मुलांना शिकवावे लागत नाही. ज्या शाळांत जेवणाची वेळ दीडवर गेली आहे तेथे ती स्वयंपाकाची सोय पाहून अर्धा तास अलीकडे आणता येते. शनिवारी सकाळच्या शाळेत ही अडचण दुप्पट होते, कारण त्या दिवशी मुले अधिक लवकर आणि अधिक रिकाम्या पोटी येतात. तेव्हा शनिवारची कवाईत अन्न पोटात गेल्यावर घ्यावी, आधी घेऊ नये.

पुढील परिषदेपर्यंत प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील दहा मुलांची पंधरा दिवसांची एक साधी नोंद ठेवावी, अशी माझी विनंती आहे. रात्री शेवटचे केव्हा खाल्ले, सकाळी काय खाल्ले, आणि वर्गात लक्ष केव्हा ढळले, एवढे तीनच रकाने. नोंदीत मुलांची नावे लिहू नयेत, हजेरी क्रमांक पुरे. आणि ही वही वर्गात उघडी ठेवू नये. निम्म्या मुलांनी दप्तरात भाकरी आणण्यास आरंभ केला, तर त्या दिवसापासूनची नोंद वेगळ्या शाईने करावी. आलेल्या नोंदी आपण येथेच एकत्र बसून पाहू, आणि जेवणाची वेळ बदलावयाची असल्यास तसा प्रस्ताव त्यांच्याच आधारे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येईल.